सरजा येसर, स्टेशन रोड

९ जानेवारी

आज दिवसभर फोन उपडा ठेवला, वाजलेला दिसू नये म्हणून. आणि दर दहा मिनिटांनी उचलून बघितला, वाजला तर नाही ना म्हणून.

ही डायरी संघप्रियानं दिली. माझी पोरगी, परभणीला कॉलेजात आहे. डायरी खताच्या दुकानाची, प्रत्येक पानाखाली कुठल्या ना कुठल्या अळीचं चित्र. "मम्मी, रोज मला फोन करून घाबरतीस, त्यापेक्षा ह्याच्यात घाबरत जा," म्हणाली. तर घाबरते.

झालंय असं की येसर विकायचं ठरलंय. घरबसल्या, फोनवरून. दुकान अजून उघडायचंय, धाक मात्र आत्तापासून. बाहेरच्या लोकांना येसर म्हणजे काय ते सांगावं लागतं म्हणे, म्हणून संघप्रियानं माझ्याकडून लिहून घेतलं: गहू, हरभऱ्याची डाळ, धने, मिरच्या, खोबरं, मसाला, सगळं वेगवेगळं भाजून दळायचं. दोन चमचे पाण्यात कालवून फोडणीत सोडले की लग्नाच्या पंगतीतली आमटी तयार.

कृती सासूबाईंची. त्यांना आम्ही मामी म्हणतो. नाव सरजाबाई, माहेर राणीसावरगाव. मी भाजते तेव्हा त्या जवळ नसतातच. उंबऱ्यावर बसतात आणि वासावरून ओरडतात, "उतरव! गहू उतरव आता!" वजन नाही, माप नाही. दोनदा केलं तर दोन चवी. असलं विकतात का कुठं?

शाळेतलं काम सोडून दोन वर्षं झाली. पाठ दुखायची म्हणून सोडलं. तेव्हापासून घरात बसून जीव आंबून गेलाय. काही तरी करायचं तर आहे. पण हेच का, असं रोज सकाळी वाटतं.

१२ जानेवारी

नावावरून वाद. सुट्टीला आलेल्या संघप्रियाला माझा फोटो टाकायचा होता आणि खाली "सुकेशनीचं स्वयंपाकघर". मी म्हटलं, नको. मामींची कृती आहे, परवानाही मामींच्या नावानं काढलाय, तर नाव "सरजा येसर". मान मोठ्यांचा. फोटो वाटीचा.

"मम्मी, खरं कारण सांग."

"हेच कारण हाय."

तिनं माझा फोटो पुसला. मग वाटीचा फोटो टाकला.

पार्सलवर पाठवणाऱ्याचा पत्ता लागतो. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून ते काम मालकांकडं. डायरी कुणी वाचणार नाही, तर नावानंच लिहिते: नागसेन. तोंडानं कधी म्हटलं नाही. रेल्वेत कीमन आहेत. रोज हातोडा घेऊन रुळावरून चालायचं आणि सैल झालेल्या चाव्या ठोकायच्या. ड्युटी झाली की वाटेत पोस्ट. मी चिठ्ठी दिली: "सरजा येसर, स्टेशन रोड, पूर्णा." त्यांनी ती दोनदा वाचली.

"स्टेशन रोड?"

"जवळच तर हाय आपल्या."

"बरं," म्हणाले आणि खिशात घातली. हे बरे आहेत, उगीच खोदून विचारत नाहीत.

१३ जानेवारी

आज दुकान उघडलं. म्हणजे संघप्रियानं फोनवर एक बटण दाबलं. मी म्हणत होते आठ दिवस थांबू. लेबलं तिरकी चिकटलीत, एका पाकिटात गुठळ्या आहेत. ती म्हणाली, "सगळं नीट व्हायची वाट बघितलीस तर माझं लग्न होईल, मग माझ्या पोरीचं होईल, आणि तू लेबलच सरळ करत बसशील."

पार्सल हातात पडल्यावर पैसे द्यायचे, अशी सोय ठेवलीय. नव्या दुकानावर कोण भरवसा ठेवणार?

कुणी मागवलं नाही तर वाईट. मागवलं तर त्याहून वाईट.

२१ जानेवारी

लातूरची एक बाई, अर्धा किलो. पार्सल गेलं तेव्हा पोरगी सासरी चालल्यासारखी मी दारात उभी. मामी हसल्या.

३ फेब्रुवारी

सात पार्सलं गेली. आज जिंतूरहून एका बाईंचा फोन. शुभदाताई. आडनाव डायरीत लिहीत नाही. जिंतूरकडं त्या आडनावाला सगळे ओळखतात. आवाज गोड, पण सवय हुकूम द्यायची.

"सरजाबाई बोलताय का?"

माझ्या तोंडून "हां" निघून गेलं.

"आवाज तरणा आहे हो तुमचा."

"सर्दी झालीय," म्हटलं. सर्दीनं आवाज तरणा होतो का? फोन ठेवल्यावर अर्धा तास घाम पुसत होते. एक किलो सांगितलंय.

मामींना सांगितलं की आजपासून फोनवर मी म्हणजे तुम्हीच. त्या म्हणाल्या, "मंग माझे गुडगे बी घे."

१९ फेब्रुवारी

एक पार्सल परत आलं. उघडलेलंही नाही. नागसेननं दोन पाकिटं आणून ओट्यावर ठेवली. "घ्यायला नको म्हनले." खोकं कुठं आहे विचारलं तर म्हणाले, फाटलं होतं, पोस्टातच टाकून दिलं.

न उघडता कसं कळलं असेल? मी पाकीट नाकाशी धरून बसले. वास बाहेर येत असेल. मिरची जरा जास्तच भाजली होती त्या वेळी, करपट वास पार खोक्याबाहेर गेला असेल. दुसरं काय?

संध्याकाळी शुभदाताईंचा निरोप: फार छान, आणखी दोन किलो पाठवा. म्हणजे त्यांना करपट आवडतं की काय? काही समजत नाही.

२७ फेब्रुवारी

आणखी एक परत. खोकं याही वेळी फाटलेलं. पोस्टवाले पार्सलं आपटतात वाटतं. नागसेनला म्हटलं, तक्रार करा. "करतो," म्हणाले आणि हात धुवायला गेले. बराच वेळ धूत होते.

ठरवलं, भाजणी हलकी करायची. मामी ओरडायच्या आधीच उतरवायचं.

११ मार्च

मामी जेवता जेवता उठल्या. "ही काय आमटी हाय? आजाऱ्याचं पानी हाय. चव बिघडवायलीस तू."

"परत यायलंय ना पार्सल!"

"यायलं तर येऊ दे. माझा वास सोडून तू कुनाच्या नाकानं भाजायलीस?"

लातूरच्या बाईंनीही लिहिलंय, या वेळी मजा नाही आली. म्हणजे जास्त भाजलं तर परत येतं, कमी भाजलं तर मजा येत नाही. मला हे जमणार नाही. मला कधीच काही जमलं नाही. संघप्रियाला फोन करून सांगितलं, बंद कर सगळं. ती म्हणाली, परीक्षा संपू दे मग बोलू. पोरगी बापावर गेली आहे, हो म्हणायचं आणि करायचं नाही.

१६ मार्च

भाजणी पुन्हा मामींच्या नाकावर.

आज फोन मामींनीच उचलला, माझे हात पिठात. शुभदाताई होत्या. मी पिठाच्या हातानंच नको नको म्हणून खुणा केल्या. मामी मात्र मजेत, "हां, म्याच सरजाबाई. फोडनीत लसून घालता का? मंग घाला की! येसराला लसून नको म्हनून कुनी सांगितलं तुमाला?" दहा मिनिटं चाललं. शेवटी मामींनी फोन माझ्याकडं दिला, "तुला मागायल्यात. सुकेशनीला द्या म्हनल्या."

नाव कसं कळलं त्यांना? मामींना विचारलं. म्हणाल्या, मी न्हाई सांगितलं. विसरल्या असतील. वय झालं.

त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "तुमच्या सासूबाई फार गोड आहेत हो." आणि मी एवढे दिवस सरजाबाई होते, त्याबद्दल अक्षर नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२४ मार्च

तिसरं परत आलं.

आज मामी झोपल्यात, घरात कुणी नाही. एक गोष्ट लिहिते. नंतर पान फाडेन.

पाठ दुखत नव्हती.

जवळच्या एका गावच्या शाळेत मी खिचडी करायचे. पहिल्या आठवड्यात चौतीस पोरं जेवायला बसायची. कुणीतरी घरी जाऊन माझं नाव सांगितलं असेल, आडनाव सांगितलं असेल. कुणी भांडलं नाही. कुणी एक शब्द बोललं नाही. पोरं घरून डबे आणायला लागली, एवढंच. चौतीसची वीस, वीसची अकरा. शेवटी सहा. त्यातली चार तिथल्या आमच्याच समाजाच्या वस्तीतली. पातेलं भरून खिचडी उरायची आणि मास्तर म्हणायचे, मुलांना हल्ली भूकच नसते. कुणी भांडलं असतं तर बरं झालं असतं. उरलेली खिचडी कुत्र्यांना घालताना पाठीत कळ आली. खरंच आली. तेवढीच धरून मी घरी सांगितलं.

तिथं त्यांना माझं नाव माहीत होतं. इथं नाही. इथं फक्त सरजा येसर आहे, स्टेशन रोड. इथंही परत येत असेल तर मग माझ्या हातातच खोट आहे. हे जास्त भीतीचं आहे. नावाचं मी काही करू शकत नव्हते. हाताचं काय करू?

८ एप्रिल

स्वयंपाक तसाच टाकून लिहायला बसले.

दुपारी शुभदाताईंचा फोन. त्यांच्या पुतणीचं लग्न आहे मे महिन्यात. पंगतीला येसर आमटी, पंधरा किलो पाहिजे. पंधरा किलो! अख्ख्या लग्नाचं जेवण!

मग म्हणाल्या, "एक सांगायचं होतं. राग मानू नका. या वेळी पाकिटांवर काही लावू नका, कोरीच द्या. आणि पार्सलवर तो पत्ता नको."

"कोणता पत्ता?"

"तुमचाच हो. नाव, भीमनगर वगैरे. मला काही वाटत नाही, मी तर पहिल्या पार्सलापासून वाचतेय. मनापासून खातेय. पण घर लग्नाचं, चार पाहुणे, जाऊबाईंचा स्वभाव... तुम्ही समजून घ्याल."

मी "हां" म्हटलं. माझं ते "हां" कुठून निघतं मला माहीत नाही.

नागसेन आले तेव्हा मी दारातच उभी होते. "पार्सलवर काय लिवता तुमी?"

त्यांनी सायकल लावली. खिशातून जानेवारीतली माझी चिठ्ठी काढली, घामानं मऊ झालेली. "हे न्हाई लिवलं."

"मंग?"

"सुकेशनी नागसेन वाव्हळे, भीमनगर, पूर्णा."

"सगळ्यावर?"

"सगळ्यावर. स्टेशन रोडला आपन ऱ्हातो का? खोटा पत्ता लिवला तर परत आलेलं पार्सल कुठं जाईल?"

मी त्यांच्या अंगावर ओरडले. लग्नाला बावीस वर्षं झाली, पहिल्यांदा. मग त्यांनी सांगितलं, खोकी फाटली नव्हतीच. एकावर तर घेणाऱ्यानं माझ्या नावाखाली रेघ मारली होती आणि "नको" लिहिलं होतं. ती त्यांनी रुळाच्या कडेला जाळली. तीनही.

"मला सांगायचं तरी! मी दीड महिना मिरचीला दोष द्यायले!"

"सांगितलं असतं तर तू हे बी सोडलं असतंस. शाळेसारखं." सायकलला कुलूप लावत म्हणाले, "पाठ दुखायली म्हनून."

म्हणजे यांना माहीत होतं. दोन वर्षं रोज माझ्या पाठीला तेल लावत होते.

१० एप्रिल

जेवण जात नाही. हिशोब करत बसले, पैशांचा नाही, माणसांचा. चाळीस पार्सलं गेली. तीन परत आली. सदतीस पार्सलं ज्यांनी घेतली त्यांनी माझं नाव, भीमनगर वाचलं आणि पाकीट फोडलं. त्यातल्या अकरा जणांनी पुन्हा मागवलं. काहींनी वाचलं नसेल, बरोबर. पण लातूरच्या बाईंनी तर एकदा लिहिलं होतं, "सुकेशनीताई, मागच्या वेळसारखं पाठवा." मी ते वाचलं होतं आणि वाटलं होतं, संघप्रियानं तिकडून काही सांगितलं असेल. भीतीनं माणूस आंधळं होतं की काय.

आणि तरी शुभदाताईंचं कोरं पाकीट आहेच. पंधरा किलो. "हां" म्हटलेलं आहे.

मामींना सगळं सांगितलं. त्या मिरच्यांचे देठ काढत होत्या. "माझी माय गावात मिरच्या तोडायला जायची. तोडायची, वाळवायची, पोत्यात भरून त्यांच्या अंगनात न्हेऊन टाकायची. मंग ते पोत्यावर पानी शिंपडायचे आन मंग आत घ्यायचे. वाळलेल्या मिरचीवर पानी! माय म्हनायची, बुरशी येतीय ना वो. तरी शिंपडायचे."

"मग मी काय करू, मामी?"

"मला काय इचारतीस? फोनवर सरजाबाई तूच हायस ना."

१४ एप्रिल

जयंती. वस्तीत सकाळपासून गाणी, निळे झेंडे, संघप्रिया आली आहे. मी नवी साडी नेसले. मिरवणूक निघायच्या आधी न्हाणीघराच्या भिंतीला टेकून शुभदाताईंना लिहिलं. चार वेळा पुसलं. पाचव्यांदा पाठवलं:

"ताई, माल तयार होईल. प्रत्येक पाकिटावर माझं नाव आणि पत्ता असेल. तसं नको असेल तर कळवा, मी पाठवणार नाही."

पाठवल्यावर फोन तांदळाच्या डब्यात टाकला आणि बाहेर पळाले. मिरवणुकीत काय काय होतं, मला काही आठवत नाही.

१६ एप्रिल

वाचलंय त्यांनी. दोन निळ्या खुणा दिसतात. उत्तर नाही. संघप्रियानं नवीन लेबलं छापून आणली आहेत, नाव मोठ्या अक्षरात. मला ते बघवत नाही, मी ती उपडी ठेवली.

१७ एप्रिल

उत्तर आलं. "पार्सल पाठवू नका. शनिवारी मीच न्यायला येते. पत्ता आहे माझ्याकडे."

याचा अर्थ काय? संघप्रिया म्हणते चांगला. मामी म्हणाल्या, "आली की च्या ठेव. पिती का बघ."

मला वाटतं, दारात पार्सल नको म्हणून येताहेत. कुणाला दिसू नये म्हणून.

१९ एप्रिल

आल्या. गाडी गल्लीत शिरेना, चालत आल्या. मी समजले होते तशा नाहीत, बुटक्या आहेत, धाप लागलेली. मामींच्या पाया पडल्या. पाणी प्यायल्या. चहा प्यायल्या, पूर्ण, कपातला गाळ दिसेपर्यंत. मामी टक लावून कपाकडं बघत होत्या, मला लाज वाटली.

मग त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली. त्यानं स्टीलचे दोन मोठे डबे आणले. शुभदाताईंनी पर्समधून कात्री काढली आणि पहिलं पाकीट हातात घेतलं. माझ्या नावावरून बोट फिरवलं. "छान छापलंय," म्हणाल्या. "डब्यात ओतून घेते. म्हणजे तुमचंही राहिलं आणि आमचंही."

चांगल्या मनानं म्हणाल्या. खरंच चांगल्या मनानं. म्हणूनच ते लागलं. पातेल्यात उरलेली खिचडी दिसली मला. मास्तरही चांगल्या मनानंच बोलायचे.

"ताई, इथं नका फोडू."

"अं?"

"घरी न्हेऊन काय करायचं ते करा. डब्यात ओता, नाव फाडा. ते तुमचं घर हाय. हे माझं हाय. माझ्या घरात, माझ्या डोळ्यासमोर नका."

नागसेन दारात हातोडा धरून उभे, ड्युटीवरून आलेले, आत यायचं विसरलेले. मामींनी मिरची खुडायची थांबवली. मला वाटलं, आता उठतील, जातील, पंधरा किलो गेले, जिंतूरभर नाव गेलं.

शुभदाताईंनी कात्री मिटली. तोंड लाल झालं होतं, रागानं की कशानं, मला सांगता येणार नाही. मग कात्री पर्समध्ये घातली, चेन लावली. "बरं," म्हणाल्या. पाकिटं एकेक करून स्वतः पिशवीत भरली. तीसच्या तीस. डबे रिकामे परत गेले.

२२ एप्रिल

जिंतूरला काय झालं, माहीत नाही. मी विचारणार नाही. घरी पोचताच फोडली असतील, लेबलं चुलीत गेली असतील. लग्नात हजार माणसं आमटी ओरपतील आणि कुणाला कळणार नाही. किंवा कळेल. रात्री दोन्ही डोळ्यांसमोर येतं.

आज लातूरच्या बाईंचं पार्सल. नागसेन पेन शोधत होते, मी म्हटलं, आणा इकडं. प्रेषकाच्या जागी मीच लिहिलं. सुकेशनी बरं आलं. वाव्हळे वाकडं आलं. भीमनगर लिहिताना पेन अडकलं, झटकून पुन्हा लिहिलं. नागसेननं हातात घेऊन बघितलं.

"कोंबडीचे पाय हायेत."

"पोस्टमनला वाचता येईल का?"

"येईल," म्हणाले. आणि जानेवारीतली ती चिठ्ठी खिशातून काढून माझ्या हातावर ठेवली. मी ती या पानात ठेवली आहे. मार्चचं पान फाडलेलं नाही.

फोन सुलटा ठेवलाय. वाजला की आधी नंबर बघतेच, ती सवय काही जाईलसं वाटत नाही. मघाशी परत वाजला, नवीन नंबर होता. दोनदा वाजू दिला, पदराला हात पुसले, उचलला आणि म्हटलं, "सुकेशनी वाव्हळे बोलते."